शिफ्ट सुटल्यावरचे दोन तास

चि. सागर,


दारू सोडणाऱ्यांची मिटिंग कुठे भरते ते सांगतोच. त्याआधी मला एक सांग, शिफ्ट सुटल्यावर तू घरी जातोस कसा? गाळ्याचं शटर खाली आलं की चौघांनी मिळून वसईतल्या वालीव नाक्यापर्यंत चालत यायचं, वडापाव खायचा, कुणीतरी ‘चल, एक क्वार्टर’ म्हणायचं आणि स्टेशनची शेअर रिक्षा दोन तासांनी पकडायची. बरोबर ना? दारू सोडायची असते ती या दोन तासांत. सकाळी आंघोळ करताना तर सगळेच सोडतात.

म्हणून मिटिंग निवडताना आधी तिची वेळ बघ. तुझी शिफ्ट सुटते आणि घरी ताट वाढलं जातं, त्या मधल्या फटीत बसणारी मिटिंग हवी. रविवारी सकाळची मिटिंग चांगलीच, पण पगाराच्या संध्याकाळी ती कामाला येत नाही.

अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे आपली एए, सुरू झाली तीही अशाच एका अडचणीतून. मे १९३५. शेअर बाजारात काम करणारा बिल विल्सन यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीच्या व्यवहारासाठी न्यूयॉर्कहून अ‍ॅक्रनला आला होता. अ‍ॅक्रन म्हणजे टायरच्या कारखान्यांचं, कामगारांचं गाव. आपल्या पट्ट्यातल्या माणसाला ओळखीचं वाटेल असं. व्यवहार फसला. दारू सोडून जेमतेम काही महिने झालेले, खिसा रिकामा, आणि हॉटेलच्या लॉबीत एका टोकाला बार, दुसऱ्या टोकाला टेलिफोन. बिल टेलिफोनकडे गेला. चर्चच्या यादीवरून फोन लावत त्याने एकच मागणं केलं, दारूने पोळलेला एखादा माणूस मला भेटवा. भेटला तो डॉ. बॉब स्मिथ, पेशाने सर्जन. पंधरा मिनिटं बसतो म्हणून आलेले डॉक्टर कितीतरी तास बसले. पुढे १० जूनला त्यांनी शेवटचा पेला घेतला आणि तोच दिवस एएची सुरुवात मानतात. यातली मेख अशी की बिल डॉक्टरला सुधारायला गेलाच नव्हता, त्याला स्वतःचा दिवस निभावायचा होता. मुंबईत ५ मे १९५७ ला पहिली मिटिंग झाली, तेव्हापासून आपल्याकडेही हेच चाललंय.

शोधायचं कसं? एएच्या भारतातल्या संकेतस्थळावर वार, वेळ आणि ठिकाणाप्रमाणे मिटिंगा दिलेल्या असतात. जागा बदलतात, म्हणून निघण्याआधी फोन कर. मिटिंग हिंदीत की मराठीत, ओपन की क्लोज्ड, एवढं विचार. ओपन मिटिंगला घरचं माणूसही येऊ शकतं, क्लोज्ड फक्त आपल्यासाठी. काहीच जमलं नाही तर सरकारचा १४४४६ हा व्यसनमुक्तीचा क्रमांक आहे.

ओळखीचं कुणी भेटेल ही भीती मला कळते. वालीवमध्ये सुपरवायझरपासून चहावाल्यापर्यंत सगळे एकमेकांना ओळखतात. खुशाल पहिल्यांदा भाईंदरला जा. पण कायमचं तेवढ्या लांब जाऊ नकोस; लोकलला गर्दी होती, हे न जाण्याचं फार सोयीचं कारण असतं. आणि ओळखीचा भेटलाच, तर तोही तिथे देवदर्शनाला आलेला नसेल.

खोली साधीच असते. कधी शाळेचा वर्ग, कधी चर्चचा हॉल. लहान मुलांच्या बाकांवर पोटं सुटलेली मोठी माणसं गुडघे दुमडून बसलेली, फळ्यावर कुणाचे तरी पाढे, कागदी कपात चहा. फी नाही, फॉर्म नाही. सोडायची इच्छा एवढीच अट. शेवटी पैशांची पिशवी फिरते. बाहेरच्यांकडून देणगी घ्यायची नाही असा नियमच आहे, खर्च सभासदच करतात. दहा रुपये टाक, नसतील तर पिशवी पुढे दे. पहिल्या दिवशी बोललंच पाहिजे असंही नाही. ‘आज फक्त ऐकतो’ म्हटलेलं चालतं. कुणी तासभर आपल्याच गप्पा मारेल, कुणी देवाचं जास्त बोलेल. तुला कंटाळा येईल, मलाही येतो. एका मिटिंगवरून ठरवू नकोस, दोन-तीन ग्रुप बघ.

एक मात्र खडसावून सांगतो. रोज सकाळी हात थरथरत असतील तर झटक्यात बंद करू नकोस, आधी डॉक्टरला दाखव. दारू एकदम तुटली की फिट येऊ शकते, भ्रम होतो, जिवावर बेततं. एए औषध देत नाही. उपचाराला दाखल व्हावं लागलं तर फादर जो परेरांनी १९८१ मध्ये सुरू केलेल्या कृपा फाउंडेशनचं केंद्र वसईतच आहे. पुण्याचं मुक्तांगण अनिल आणि सुनंदा अवचटांनी १९८६ मध्ये उभारलं, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांच्या देणगीतून. पण दाखल होऊन आलेल्यालाही पुन्हा त्याच नाक्यावरून घरी जायचं असतं. तिथून पुढे मिटिंगच.

तुझ्या आईला अल-अ‍ॅनॉनचं सांग. घरच्यांसाठी ती वेगळी मिटिंग असते. तू येवो न येवो, तिने जायला हरकत नाही.

या आठवड्यात तुझी शिफ्ट कितीला सुटते ते कळव. सहाला सुटत असेल तर नाक्यावर थांबू नकोस, सरळ रेंज ऑफिसच्या स्टॉपवर ये. मी तिथेच उभा असेन, पहिल्या मिटिंगला बरोबर जाऊ. वडापाव मी बांधून आणतो, भुकेल्या पोटी तिथे बसवत नाही.

तुझा,
काका
(आडनाव लिहीत नाही. आमच्यात तशीच पद्धत आहे.)