ॲक्झोलॉटल अपूर्ण आहे का?

कार्य कारणात आधीपासूनच असते, असे सांख्यांचा सत्कार्यवाद सांगतो. तेल तिळात असते म्हणून तिळातून निघते, वाळूतून निघत नाही. मेक्सिको सिटीतल्या सोचिमिल्को सरोवरातला ॲक्झोलॉटल हा सॅलॅमँडर जातीचा उभयचर या मताची साक्ष द्यायलाच जन्मला असावा, असे वाटते. बहुतेक सॅलॅमँडर लहानपणी पाण्यात कल्ल्यांनी श्वास घेतात आणि पुढे कल्ले टाकून जमिनीवर येतात. ॲक्झोलॉटल मात्र कल्ल्यांसकट वयात येतो, पाण्यातच अंडी घालतो, पाण्यातच मरतो. पण 1865 मध्ये पॅरिसला प्राणिशास्त्रज्ञ ओग्यूस्त द्यूमेरील यांच्याकडे जन्मलेल्या पिल्लांपैकी काहींचे कल्ले झडले आणि ती जमिनीवरचे सॅलॅमँडर झाली. 1920 मध्ये जीवशास्त्रज्ञ ज्युलियन हक्सली यांनी बैलाची थायरॉइड ग्रंथी खाऊ घालून हाच बदल मुद्दाम घडवला. मग जमिनीवरचे रूप हेच याचे पूर्णत्व आणि पाण्यातला ॲक्झोलॉटल वाटेतच अडकलेला जीव, असे मानायचे का? मला ते पटत नाही. जे होऊ शकते ते व्हायलाच हवे, असे या पुराव्यावरून ठरत नाही.

ॲक्झोलॉटलच्या शरीरात थायरॉक्सिन हे थायरॉइड ग्रंथीचे संप्रेरक फार कमी असते, पण ते मिळाले तर पेशी त्याला प्रतिसाद देतात. रँडल व्हॉस आणि ब्रॅडली शाफर या जीवशास्त्रज्ञांनी त्याचा रूपांतर होणाऱ्या टायगर सॅलॅमँडरशी संकर केला. संकरित पिढीतला कोणता जीव कल्ले टाकणार, यावर गुणसूत्राच्या एकाच भागाचा मोठा प्रभाव असल्याचे त्यांना 1997 मध्ये आढळले. म्हणजे पूर्वजांकडे असलेली वाट बुजली नाही, तिच्यावरची वर्दळ थांबली. भोवती कोरडा प्रदेश आणि मध्ये बारमाही पाणी असेल, तर पाण्यातच वीण करणाऱ्याची संतती टिकणे स्वाभाविक आहे.

यावर कोणी म्हणेल, संप्रेरक कमी पडणे हा तर आजार. पण आजार ठरतो तो जगण्यात आणि वंश चालवण्यात अडथळा आला तर, आणि ॲक्झोलॉटलचे दोन्ही सुरळीत चालते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: क्षमता शिल्लक आहे, तर तीच त्याचे सार का नव्हे? याचे उत्तर स्लोव्हेनियाच्या गुहांतला प्रोटियस हा सॅलॅमँडर देतो. तोही कल्ल्यांसकटच वयात येतो. त्याला थायरॉक्सिन दिले तरी त्याचे कल्ले झडत नाहीत. क्षमताच सार असेल, तर त्याच्या पूर्वजांनी ते कोणत्या पिढीत गमावले? उत्क्रांतीत क्षमता येतात तशा जातातही; त्यांना अंतिम हेतूचे पद देता येत नाही. सत्कार्यवाद यामुळे खोटा ठरत नाही. कारणात काय दडले आहे एवढेच तो सांगतो. दडलेले प्रकट झाल्याशिवाय जीव अधुरा, ही पुस्ती आपण जोडतो. ॲक्झोलॉटलचे खरे उणेपण शोधायचे तर ते त्याच्या देहाबाहेर सापडेल: सरोवराचा बहुतांश भाग आटवला गेला, उरलेले पाणी दूषित झाले आणि रानातला ॲक्झोलॉटल नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आला.