भाव आणि मोल

वस्तू हे साधन. साधनाची थोरवी साध्यावरून ठरावयाची. जरीच्या शालीला पेठेत भाव असेल, पण दिवेघाट चढताना पावसाने गाठले की ती निव्वळ ओझे. तेथे कामी येते ती दख्खनी मेंढीच्या लोकरीची घोंगडी. डोक्यावर घेतली की खोळ, मुक्कामी अंथरूण, पहाटे पांघरूण! म्हणून आम्ही म्हणतो, भाव दुकानदार सांगतो, मोल गरज सांगते.

मात्र वाचकहो, हा गज वस्तूंपुरताच ठेवावा बरे! 'म्हातारा आता कामाचा राहिला नाही' असे म्हणणारा घोंगडीचे माप माणसाला लावतो. वस्तू माणसासाठी आहे. माणूस कोणाच्या वापरासाठी नाही. फाटक्या घोंगडीचे बसकर करावे, आणि थकल्या बापाला त्यावर चुलीच्या उबेला बसवावे.