लंकेतील प्राचीन नगरे : पाहावे काय, घरी आणावे काय?



आपल्या वाडवडिलांनीही यात्रा केल्या. पायी केल्या, बैलगाडीने केल्या, कधी उपाशीपोटी केल्या. पण यात्रेच्या टोकाला जे देऊळ असे, त्याच्या पायरीखालीच त्यांना थांबावे लागे. पंढरपुरात चोखोबांची समाधी देवळाच्या आत नाही, महाद्वारासमोर आहे, हे आपल्यापैकी कोणाला ठाऊक नाही? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्याला त्या पायरीवरून उठविले. आता आपली माणसे बस करून बुद्धगयेला जातात, सारनाथला जातात, कुशीनगरला जातात. ज्यांना झेपते ती समुद्र ओलांडून श्रीलंकेलाही जातात. ही आनंदाची गोष्ट आहे. पण या आनंदात एक प्रश्न स्वतःला विचारला पाहिजे. देव गेला आणि यात्रा मात्र तीच राहिली, असे तर होत नाही ना?

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी मी आज तुम्हांला लंकेतील प्राचीन नगरांच्या बसप्रवासाला नेणार आहे. लंकाच का? कारण भारतातून धम्म लोपला तेव्हा जो वारसा आपण गमावला, त्याचा फार मोठा भाग या बेटाने सांभाळला. दुसरे कारण असे की, मे १९५० मध्ये जागतिक बौद्ध परिषदेच्या निमित्ताने बाबासाहेब स्वतः तेथे गेले होते. धम्म तेथे केवळ ग्रंथात आहे की लोकांच्या जगण्यात आहे, हे त्यांना डोळ्यांनी पाहायचे होते. दीक्षेच्या सहा वर्षे आधी त्यांनी हे पाहून घेतले. आपण त्यांचे अनुयायी, म्हणून आपणही डोळे उघडे ठेवूनच पाहिले पाहिजे.

अनुराधपूर, पोलोन्नरुव आणि कँडी ही तीन शहरे जोडली की जो त्रिकोण होतो, त्याला तेथे सांस्कृतिक त्रिकोण म्हणतात. कोलंबोहून निघालेली बस चार-पाच दिवसांत तो फिरवून आणते. गाईड राजांची नावे सांगतो, स्तूपांच्या उंच्या सांगतो, फोटोसाठी वीस मिनिटे देतो आणि पुन्हा बसमध्ये बसायला सांगतो. त्याचे काम तो नीट करतो. पण राजाचे नाव आणि विटांची संख्या ऐकून धम्म कळत नाही. म्हणून बसमधून उतरताना उपासकाने आपला एक प्रश्न सोबत घेऊन उतरावे : येथे माणूस माणसाच्या जवळ आला, की दूर गेला?

पहिला मुक्काम अनुराधपूर. शहराच्या पूर्वेला मिहिंतले नावाची टेकडी आहे. सम्राट अशोकाचे पुत्र स्थविर महिंद ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात येथे आले आणि राजा देवानंपिय तिस्स याला त्यांनी धम्म दिला, अशी परंपरा आहे. पुढे राजघराण्यातील अनुला आणि तिच्याबरोबरच्या स्त्रियांनी प्रव्रज्या मागितली. त्यांच्यासाठी अशोकाची कन्या संघमित्ता बुद्धगयेच्या बोधिवृक्षाची फांदी घेऊन समुद्रमार्गे आली आणि लंकेत भिक्खुणी संघ उभा राहिला. ती फांदी म्हणजेच आजचा जय श्री महाबोधी वृक्ष. दोन हजार दोनशे वर्षांहून अधिक काळ माणसांनी पिढ्यान्पिढ्या राखण करून तो जगविला आहे.

या वृक्षाजवळ आमच्या बसमधील एका आजींनी पदराच्या टोकाशी दोरा काढला आणि मला हळूच विचारले, “गुरुजी, नातवाच्या नोकरीसाठी इथं एक गाठ मारली तर चालंल का?”

मी म्हणालो, “आजी, इथं मागायचं नसतं. हे झाड ज्या झाडाची फांदी आहे, त्याच्याखाली बसून भगवंतांनी कोणाकडं काही मागितलं नव्हतं. त्यांनी विचार केला होता.”

“मग नातवाला जाऊन सांगू काय?”

“सांगा, की अशोकाची लेक एक फांदी घेऊन समुद्र ओलांडून इथवर आली. तुला तर अभ्यासासाठी तालुक्यालाच जायचंय.”

आजी हसल्या आणि दोरा परत पदराला बांधला. आता यात आजींना दोष देण्यासारखे काही नाही. लंकेतही अनेक बोधिवृक्षांभोवती नवसाच्या चिंध्या बांधलेल्या दिसतात. हजारो वर्षांची सवय एका दिवसात जात नाही. पण सवय कोणती आणि धम्म कोणता, हे वेगळे करून सांगण्याचे काम घरातल्या शिकलेल्या मुलामुलींचे आहे, आणि ते प्रेमाने केले पाहिजे.

अनुराधपुरात जेतवन स्तूप आहे. राजा महासेन याने ख्रिस्तोत्तर तिसऱ्या शतकाच्या अखेरीस तो उभारण्यास घेतला. त्याची मूळ उंची सुमारे १२२ मीटर होती आणि त्याला ९ कोटींहून अधिक विटा लागल्या, असा अंदाज आहे. प्राचीन जगात इजिप्तच्या दोन मोठ्या पिरॅमिडांनंतर एवढी उंच वास्तू दुसरी क्वचितच असेल. पण ही वास्तू उभी राहिली ती संघातील भांडणातून, जुन्या महाविहाराच्या जागेत. विटा उंच गेल्या आणि संघ दुभंगला. आपला प्रश्न विचारला, तर सर्वांत मोठा स्तूप हा सर्वांत मोठा धम्म ठरत नाही.

तेथून बस जलाशयांच्या काठाने जाते. सिंहली भाषेत जलाशयाला ‘वेव’ म्हणतात. राजा धातुसेन याने पाचव्या शतकात कालावेव बांधला आणि तेथून अनुराधपुरापर्यंत जयगंगा नावाचा सुमारे ८७ किलोमीटर लांबीचा कालवा काढला. त्याच्या पहिल्या सतरा मैलांत उतार मैलाला अवघा सहा इंच आहे. दुर्बिणी नसताना, यंत्रे नसताना, हे पाणी माणसाच्या बुद्धीने वाहते झाले आणि शेते पिकली. ज्यांच्या पूर्वजांनी २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर ओंजळभर पाण्यासाठी हक्क बजावला आणि त्यासाठी डोक्यावर काठ्या झेलल्या, त्यांनी या काठावर थोडा वेळ उभे राहावे. पाणी अडविणे ही विद्या आहे. ते सर्वांना देणे हा धम्म आहे.

त्याच धातुसेनाला त्याच्या मुलाने, कश्यपाने, मारविले आणि सिगिरियाच्या उंच खडकावर राजवाडा बांधला. गाईड त्या खडकावरच सर्वांत जास्त वेळ देतो. कश्यपाचे राज्य सुमारे अठरा वर्षे टिकले आणि तो पडल्यावर ती जागा भिक्खूंकडे गेली. बापाने बांधलेला जलाशय मात्र आजही शेताला पाणी देतो. कोणते काम टिकले, ते मुलांना दाखवावे.

पुढे पोलोन्नरुव. चोळांच्या स्वारीनंतर अनुराधपूर ओस पडले होते. राजा विजयबाहू याने १०७० साली राज्य परत मिळविले, तेव्हा विधिपूर्वक उपसंपदा देण्यापुरतेही भिक्खू बेटावर उरले नव्हते. त्याने ब्रह्मदेशातून भिक्खू बोलावून संघ पुन्हा उभा केला. भिक्खुणी संघ मात्र त्याच सुमारास लोपला आणि सुमारे नऊशे वर्षे परत आला नाही. तो पुन्हा कोठे सुरू झाला, ठाऊक आहे? आपल्या सारनाथला. १९९६ साली तेथे लंकेच्या दहा स्त्रियांना उपसंपदा मिळाली. त्याला पूर्व आशियातील भिक्खुणी संघाचे साहाय्य झाले. आणि चीनमधील भिक्खुणींना पाचव्या शतकात उपसंपदा देण्यासाठी लंकेच्याच भिक्खुणी गेल्या होत्या. एकीने दिलेला दिवा दुसरीने जपला आणि पहिलीच्या घरात पुन्हा लावला. आपल्या विहारात मुलींना मागच्या चटईवर बसविणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

पोलोन्नरुव येथे गलविहार आहे. एकाच खडकात कोरलेल्या चार बुद्धमूर्ती, त्यांतील महापरिनिर्वाणाची मूर्ती सुमारे १४ मीटर लांब. तेथे कोणीही न सांगता मन शांत होते. पण याच नगरात बाराव्या शतकाच्या अखेरीस राज्य करणाऱ्या निःशंकमल्ल राजाचे शिलालेखही आहेत. त्यांत त्याने बजावले आहे की, ‘गोवी’ म्हणजे शेतकरी जातीच्या लोकांनी राजपदाची इच्छा धरू नये. बुद्धाच्या मूर्ती कोरणाऱ्या नगरात दगडावर जात कोरली गेली! ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण तिचे दुसरे टोक आपल्याला कँडीला सापडणार आहे.

कँडीच्या वाटेवर मातले गावाजवळ अलुविहार लागते. बहुतेक बसा येथे अर्धा तासच थांबतात. पण मी एक शिक्षक आहे, माझ्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारा पहिलाच, म्हणून मला ही जागा सर्वांत मोठी वाटते. भगवंतांची वचने शतकानुशतके भिक्खू मुखोद्गत ठेवीत होते. युद्ध आणि दुष्काळ आला, पाठ असलेली माणसेच मेली तर सारेच जाईल असे दिसू लागले, तेव्हा ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकात येथील गुहांत त्रिपिटक ताडपत्रांवर प्रथम लिहून काढले गेले, असे परंपरा सांगते. एका धर्माने आपल्या कानांत अक्षर पडू दिले नाही. दुसऱ्याने अक्षर लिहिले ते सर्वांना वाचता यावे म्हणून. ज्या घरात मुलीची शाळा सुटते, त्या घरात अलुविहाराची एक पोथी जळते असे समजा.

शेवटी कँडी. दंतधातूचे मंदिर आहे, तळे आहे, गर्दी आहे. अठराव्या शतकापर्यंत लंकेत उपसंपदेची परंपरा पुन्हा खंडित झाली होती. १७५३ साली सयामहून, म्हणजे आजच्या थायलंडमधून, उपाली स्थविर आले आणि त्यांनी उपसंपदा दिली. त्यातून सियाम निकाय निर्माण झाला. पण थोड्याच वर्षांत हे दार एका जातीपुरते राखले गेले. कोणत्या जातीपुरते? त्याच गोवीगम जातीपुरते, जिला सहाशे वर्षांपूर्वी राजाने शिलालेखातून तिची पायरी दाखविली होती! जो काल पायरीखाली होता, तो आज पायरीवर बसून दुसऱ्याला अडवू लागला.

मग अडविलेल्यांनी काय केले? ते रडत बसले नाहीत. सालागम जातीतून आलेले एक श्रामणेर १७९९ साली आपल्या सोबत्यांसह समुद्र ओलांडून ब्रह्मदेशातील अमरपूरला गेले, तेथे उपसंपदा घेतली, आणि १८०३ साली परत येऊन त्यांनी अमरपूर निकाय स्थापिला. एवढे झाल्यावरही रोग गेला नाही. या निकायातही पुढे जातीजातींचे गट पडले. १८६४ साली रामण्ण निकाय निघाला, तो जातीचा हा विटाळ नको म्हणून. आणि सियाम निकायातील ती जुनी प्रथा आजही पुरती गेलेली नाही.

आणखी एक कटू गोष्ट सांगितली पाहिजे. जुलै १९८३ मध्ये याच देशात तमिळ कुटुंबांची घरे जाळली गेली, माणसे मारली गेली. मे १९८५ मध्ये तमिळ बंडखोरांनी अनुराधपुरात शिरून महाबोधीजवळ पूजेला आलेल्यांसह शंभराहून अधिक निरपराधांचे प्राण घेतले. युद्ध मे २००९ मध्ये संपले, तोवर हजारो घरे उजाड झाली होती. देशात स्तूप किती आहेत यावरून मैत्री मोजता येत नाही.

हे सारे मी लंकेची निंदा करण्यासाठी सांगत नाही. त्या देशाचे आपल्यावर मोठे ऋण आहे. मी हे सांगतो ते आपल्यासाठी. बावीसशे वर्षांचे बौद्ध राष्ट्र, अशोकाच्या लेकरांनी लावलेले झाड, आणि तरीही जात विहारात शिरली. मग काल-परवा दीक्षा घेतलेल्या आपल्या घरात ती शिरणार नाही, असे कोणी समजू नये. ती दाराने येत नाही. ती लग्नाच्या बैठकीत येते. “मुलगा बौद्धच आहे, पण आपल्यातला आहे का?” हा प्रश्न आपल्या ओसरीवर आजही विचारला जातो. सोमवंशी, लाडवण, बावणे ही नावे बुद्धमूर्तीपुढे बसून कुजबुजली जातात. मातंग, चर्मकार समाजातून एखादे कुटुंब धम्मात आले, तर विहारात त्यांचे स्वागत होते. पण त्यांच्या घरी जेवायला किती जण जातात? बावीस प्रतिज्ञांत सर्व माणसे समान आहेत असे आपण मानले आहे. ती प्रतिज्ञा उभे राहून म्हणणे सोपे आहे. सोयरीक जुळविताना पाळणे कठीण आहे. पण तेथेच दीक्षेची परीक्षा आहे.

आणि एक गोष्ट विसरू नका. नागपूरला बाबासाहेबांना दीक्षा देणारे भदंत चंद्रमणी महास्थविर जन्माने ब्रह्मदेशाच्या आराकान प्रांतातले होते. लंकेच्या अडविलेल्यांना ज्या देशाने हात दिला, त्याच देशाच्या भिक्खूने आपल्यालाही त्रिसरण आणि पंचशील दिले. त्यांनी आपली जात विचारली नाही. ती विचारण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

म्हणून बसचे तिकीट अवश्य काढा. जमेल त्यांनी लंकेला जावे, बाकीच्यांनी सारनाथ, अजिंठा, कार्ले पाहावे. मुलांना न्या, विशेषतः मुलींना न्या. वही-पेन्सिल सोबत द्या. परतताना दोरे आणि माती आणू नका. पाहिलेली गोष्ट आणा आणि पौर्णिमेला विहारात सर्वांसमोर सांगा. आणि पुढच्या वेळी घरात सोयरिकीची बोलणी निघतील, तेव्हा पोटजातीचा प्रश्न कोणी काढला, तर घरातील थोरांनी तेथल्या तेथे म्हणावे : हा प्रश्न या घरात विचारला जात नाही.

नमो बुद्धाय! जयभीम!