दुखणं एकाचं, भीती दुसऱ्याची

रोज डोकं दुखणाऱ्या माणसाच्या कपाळामागे दोन बिऱ्हाडं असतात. एक दुखण्याचं, एक भीतीचं. पत्ता एकच, म्हणून दोन्ही एकाच कुटुंबातली असं आपण धरून चालतो. सगळा घोळ तिथेच होतो.

दुखण्याला कारण घरचे लगेच पुरवतात. पित्त झालं असेल. उन्हातून आलीस ना. चष्म्याचा नंबर वाढला असेल. चहा चुकला. संकष्टीला चंद्रोदयापर्यंत उपाशी राहायला सांगितलंय कुणी? ही कारणं बऱ्याचदा खरीच असतात. पण सहज सापडलेल्या कारणावर भीतीचा विश्वास बसत नाही. तिला तिच्या तोलामोलाचं कारण हवं असतं.

मग ओळखीतले कुणी काका आठवतात. सकाळी नेहमीसारखे गप्पा मारत होते, बाथरूममध्ये गेले, ते धाडकन पडलेच. मेंदूची नस फुटली, असं सगळे म्हणाले. त्या दिवसापासून आपल्या कपाळातला साधा ठणकाही त्या बातमीच्या आवाजात बोलू लागतो.

भीतीला दवाखान्यात नाव मिळतं, ॲन्युरिझम. डॉक्टर सोपं करून सांगतात, रक्तवाहिनीच्या भिंतीला आलेला फुगा. बहुतेक फुगे मेंदूच्या तळाशी, धमन्यांना फाटे फुटतात त्या जागी येतात. तिथे धमन्यांचं एक कडं आहे. थॉमस विलिस या इंग्रज वैद्याने १६६४ साली आपल्या ग्रंथात त्याचं वर्णन केलं. त्या ग्रंथातली चित्रं काढणाऱ्यांत क्रिस्टोफर रेन होता, ज्याने पुढे लंडनचं सेंट पॉल कॅथीड्रल उभारलं. पण विलिसने पाहिलं ते मृतांचं. जिवंत माणसाच्या मेंदूतल्या रक्तवाहिन्या क्ष-किरणांत उमटल्या त्या १९२७ मध्ये, लिस्बनला, एगास मोनिझच्या हातून. फुग्याच्या मानेला चिमटा लावून त्याचा रक्तपुरवठा तोडायला १९३७ उजाडलं. ते काम वॉल्टर डँडीचं. कवटी न उघडता प्लॅटिनमची तार आत सोडून फुगा भरून टाकायची गुग्लिएल्मीची रीत तर १९९० च्या सुमाराची. जे दिसू लागतं ते आधी भिववतं. बरं व्हायला लागतं ते मागाहून.

आता भीतीच्या युक्तिवादातली फट. न फुटलेला फुगा बहुधा दुखत नाही. तो गप्प असतो. फार वाढून शेजारच्या मज्जातंतूवर दाबला गेला, तर पापणी खाली येते, बाहुली मोठी होते, एकाचे दोन दिसतात. पण रोज संध्याकाळी ठणकून हजेरी लावणं त्याच्या स्वभावात नाही. ज्या ठणक्यात आपण त्याची चाहूल ऐकतो, तो बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाचा निरोप घेऊन आलेला असतो. मानेच्या आखडलेल्या स्नायूंचा, अर्धशिशीचा, अपुऱ्या झोपेचा. दुखणं एकाचं, भीती दुसऱ्याची.

मेंदूला तर दुखतच नाही. वेदना जाणणारे तंतू त्याच्या आवरणांत आणि तिथल्या रक्तवाहिन्यांत असतात, खुद्द मेंदूत नसतात. साऱ्या देहाचं दुखणं ज्याला कळतं, त्याला स्वतःचं कळत नाही. भीती मात्र अथपासून इतिपर्यंत त्याचीच.

भीती वेडी नाही. फुगा फुटला तर तिघांतला एक तरी दगावतो, आणि वाचलेल्या पुष्कळांचं आयुष्य पहिल्यासारखं राहत नाही. भीती फक्त हिशोबात कच्ची आहे. शंभर प्रौढांमागे सुमारे तिघांच्या मेंदूत असा फुगा असतो, म्हणजे लाखात तीन हजार. तो फुटतो जगाच्या सरासरीने वर्षाला लाखात दहाहून कमी जणांचा. बाकीचे तो डोक्यात घेऊन नोकऱ्या करतात, लग्नांत नाचतात, म्हातारे होतात आणि दुसऱ्याच कशाने तरी जातात. तो होता हे त्यांतल्या बहुतेकांना कधी कळतही नाही.

तरी आकड्याने भीती जात नाही. आकडा लाखांचा असतो, डोकं एकट्याचं.

म्हणून एमआरआय. रिपोर्ट नॉर्मल आला की घरचे पेढे वाटायचेच बाकी ठेवतात. आपल्यालाही हलकं वाटतं. मग एका रात्री पुन्हा ठणकतं आणि मन विचारतं, तेव्हा नव्हता, पण आता झाला असेल तर? बारीक असेल, दिसला नसेल तर? तपासणी होते त्या दिवसापुरतं खरं सांगते. भीतीला जन्मभराची लेखी हमी हवी असते. तशी हमी देणारं यंत्र अजून निघालेलं नाही, आणि निघालं तर त्याच्या अचूकतेबद्दल भीतीला शंका येईल.

फुगा सापडला म्हणून प्रश्न सुटतो असंही नाही. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय पाहणीत, ज्यांना आधी रक्तस्राव झालेला नव्हता अशांचे, मेंदूच्या पुढच्या बाजूच्या धमन्यांवरचे आणि सात मिलिमीटरहून लहान फुगे पाच वर्षांत फुटलेले आढळले नाहीत. तरीही फुटून दवाखान्यात येणाऱ्या फुग्यांत लहान पुष्कळ असतात. कारण लहान फुगे मुळातच फार. दोन्ही गोष्टी खऱ्या. म्हणून डॉक्टर आकार पाहतात, जागा पाहतात, रक्तदाब, सिगारेट, घराण्यात कुणाला होता का ते विचारतात, आणि कित्येकदा म्हणतात, सध्या नुसतं लक्ष ठेवू. ज्याला ‘नाही’ सांगितलं तो आणि ज्याला ‘आहे’ सांगितलं तो, दोघांना शेवटी एकच धडा गिरवावा लागतो. खात्रीवाचून झोपायचा.

भीतीला यंत्र आवडतं, पथ्य आवडत नाही. तिसऱ्यांदा स्कॅन करायला ती पैसे काढून देते. रक्तदाबाची गोळी वेळेवर घ्यायला तिला आठवत नाही. सिगारेट सोडायची वेळ आली की ती अचानक धीट होते. फुगा येण्यात आणि फुटण्यात ज्या गोष्टींचा हात असतो, त्यांतल्या आपल्या हातातल्या याच दोन मुख्य. आणि यांना मशीनची वाट पाहावी लागत नाही.

भीतीने सुचवलेले उपाय दुखणं पोसतात. दुखेल म्हणून आधीच घेतलेली गोळी हा त्यांतला सगळ्यात गोड उपाय. साधी वेदनाशामक गोळी महिन्यातले पंधरा किंवा त्याहून जास्त दिवस, दोन-तीन औषधं एकत्र असलेली गोळी दहा किंवा त्याहून जास्त दिवस, असं तीन महिन्यांपलीकडे चालू राहिलं, की गोळीच डोकं दुखवू लागते. मग त्या दुखण्यावर पुन्हा गोळी.

पाळत हाही तसाच उपाय. ज्या जागेवर दिवसभर लक्ष ठेवाल, ती जागा काही ना काही सांगणारच. कान देणारा मिळाला की शरीर बोलकं होतं.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस, असं म्हणतात. पाठीमागे राक्षस नाही एवढं म्हणीला ठाऊक आहे. धावणाऱ्याचे पाय मात्र खरेच दुखतात, हे तिने सांगितलेलं नाही.

म्हणून ‘तुला काही झालेलं नाही’ हा धीर कामाचा नाही. त्यात भीतीला उत्तर मिळतं आणि दुखणं खोटं ठरतं. माणूस मग दुखणं खरं आहे हे पटवायला लागतो, आणि त्यासाठी त्याला भीतीचीच साक्ष काढावी लागते. ‘दुखतंय ना, पड जरा, मी दिवा मालवते’ एवढं म्हणणारं माणूस दोन्ही बिऱ्हाडं वेगळी करून देतं. काही न शिकता.

दुखण्यासाठी डायरी असते. कधी सुरू झालं, किती वेळ राहिलं, आदल्या रात्री झोप किती, जेवण कधी, पाळीचा कितवा दिवस, गोळी घेतली का. भीती लिहायला घेतली की पानं भरतात. दुखणं लिहायला घेतलं की ओळीत मावतं.

भीतीसाठीही एक काम ठेवायचं, पण एकच. डॉक्टरांनी एकदा नीट तपासलं, की पुढे दुखेल तेव्हा दोन प्रश्न विचारायचे. मिनिटभरात हे कळसाला गेलं का, आयुष्यात असं कधी दुखलंच नव्हतं असं? नेहमीच्या दुखण्याहून काही वेगळं आहे का, म्हणजे मान ताठ, सारखी उलटी, शुद्ध हरपणं, झटका, बोलण्यात, डोळ्यात, हातापायात बिघाड? एकाचंही उत्तर हो असेल तर मोठा दवाखाना गाठायचा, आणि लगेच. इथे उशीर महाग पडतो. पहिल्या सहा तासांत केलेल्या सीटी स्कॅनमधून फुगा फुटून झालेला रक्तस्राव सहसा सुटत नाही. वेळ गेली तर पाठीतलं पाणी काढून तपासावं लागतं.

दोन्हींचं उत्तर नाही असेल, तर डायरीत ओळ लिहायची आणि हातातलं काम पुढे करायचं. भीती तिसरा प्रश्न विचारेल. तो कितीही रास्त वाटला, तरी त्याचं उत्तर आपण देणं लागत नाही.