वाचलेलं कुणाला तरी सांगावं



काल रात्री वाचलेला एखादा लेख आत्ता, या क्षणी आठवून पाहा. वाचताना सगळं कळत होतं, पटतही होतं. आणि आता त्यातल्या चार गोष्टीही सलग सांगता येत नाहीत. असं बहुतेकांचं होतं. ओवीला चाल सांभाळते, अभंगाला टाळ. गद्याला तसा आधार नसतो. मग ते मनात राहतं कसं?

मराठी गद्याचा आरंभच या प्रश्नाशी जोडलेला आहे. महानुभाव पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधरस्वामी निघून गेल्यावर त्यांच्या आठवणी त्यांचे अनुयायी म्हाइंभट यांनी गोळा केल्या, इसवी सन 1278 च्या सुमारास. ज्यांनी स्वामींना पाहिलं, ऐकलं, त्यांच्याकडे ते गेले, प्रत्येकाला विचारलं आणि ऐकलेलं अमरावतीजवळच्या ऋद्धिपुरात पंथप्रमुख नागदेवाचार्यांकडून तपासून घेतलं. त्यातून ‘लीळाचरित्र’ उभं राहिलं. पुढे परचक्राच्या धामधुमीत मूळ पोथी गेली. तेव्हा पंथातल्या लोकांनी तो ग्रंथ आठवणीतून पुन्हा लिहिला. हिराइसा नावाच्या साध्वीला तो मुखोद्गत होता, असं महानुभाव परंपरा सांगते. एवढा मोठा ग्रंथ, तोही गद्य, एका बाईच्या स्मरणात! मला हे आपल्या वाङ्मयाच्या इतिहासातलं फार मोठं आश्चर्य वाटतं.

हे साधलं कशामुळे? त्यातल्या लीळा, म्हणजे स्वामींच्या या आठवणी, पाहिल्या तर बहुतेक लहान आहेत. एक गाव, एखादं देऊळ किंवा नदीकाठ, दोन-तीन माणसं, कुणीतरी विचारलेला प्रश्न आणि स्वामींचं उत्तर. ठिकाण आठवलं की माणसं आठवतात, माणसं आठवली की बोलणं आठवतं. त्याच पंथातल्या केसोबासांनी तर पुढे ‘दृष्टांतपाठ’ रचताना आधी सूत्र, मग दृष्टांत, मग त्याचा अर्थ, अशी बांधणीच केली. असे 114 दृष्टांत. हत्ती चाचपणाऱ्या आंधळ्यांची गोष्ट आपण विसरत नाही आणि तिच्यामागोमाग तिच्यातला विचारही येतो. पण बांधणीइतकंच महत्त्वाचं म्हणजे पंथातली माणसं हे सगळं एकमेकांना सांगत होती, विचारत होती, पुन्हा सांगत होती. लीळाचरित्राच्या वेगवेगळ्या परंपरांत पाठभेद आहेत. स्मरणात शब्द थोडे सरकतातच.

ही गोष्ट प्रयोगानंही दिसली आहे. 1967 साली जॅकलिन सॅक्स या अमेरिकन अभ्यासक बाईंनी लोकांना गद्य उतारे ऐकवले आणि थोड्या वेळानं त्यातलंच एक वाक्य समोर ठेवून विचारलं, हे जसंच्या तसं आहे की बदललंय? अर्थ बदलला असेल तर लोकांनी तो पकडला. नुसती शब्दांची मांडणी बदलली असेल, तर ती त्यांच्या सहसा लक्षात आली नाही. म्हणजे ऐकल्यानंतर काही क्षणांतच वाक्य विरतं आणि त्याचा अर्थ उरतो.

दुसरा प्रयोग 2006 चा, सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातला. रोडिगर आणि कार्पिकी यांनी विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले. एका गटानं उतारा चार फेऱ्यांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्यानं एकाच फेरीत वाचला आणि मग तीनदा, समोर उतारा न ठेवता, आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं मात्र त्यांच्याजवळ 40 टक्के उरलं होतं, आठवून लिहिणाऱ्यांजवळ 61 टक्के. आणि आपल्याला चांगलं लक्षात राहील, असा भरवसा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांनाच जास्त होता! डोळ्यांना ओळखीची वाटणारी ओळ आपल्याला येतेच आहे, असं मनाला वाटत राहतं. परीक्षेच्या आदल्या रात्री धड्यावर रंगीत रेघा ओढत बसलेल्या मुलांना हे कुणीतरी मायेनं सांगायला हवं.

आमच्या इंदुरात, स्नेहलतागंज, रामबाग, नारायणबाग भागातल्या मराठी घरांत, या आठवून सांगण्याला एक सुरेख जोड आपसूक मिळते. मूल शाळेत धडा हिंदीत वाचतं, हल्ली बऱ्याचदा इंग्रजीत. संध्याकाळी आजीला सांगतं ते मराठीत. पुस्तकातली वाक्यं इथे उपयोगाची नसतात. आधी समजलेलं हाती घ्यावं लागतं, मग स्वतःचं वाक्य जुळवावं लागतं. पाठ केलेलं घडाघडा म्हणून सुटका होत नाही. दोन भाषांच्या ओढाताणीत मुलांचं नुकसान होतं, ही काळजी मी या गल्ल्यांमध्ये खूप ऐकली आहे. मला उलट वाटतं. ज्या घरात शाळेतलं घरच्या भाषेत सांगितलं जातं, त्या घरातल्या मुलाचा अभ्यास रोज एकदा मुळापासून होतो.

पण त्यासाठी ऐकणारं माणूस हवं, आणि त्यानं विचारायलाही हवं. म्हाइंभटांनी विचारलं नसतं, तर कितीतरी लीळा त्या त्या माणसाबरोबर गेल्या असत्या. शेजारची एक मुलगी परवा ओट्यावर आजीला अहिल्याबाईंची हकीकत सांगत होती. राघोबादादा फौज घेऊन क्षिप्रेपर्यंत आले, बाईंनी निरोप धाडला, आणि ते माघारी वळले. भाज्या निवडता निवडता आजींनी विचारलं, “अगं, एवढी फौज घेऊन आलेला माणूस नुसत्या निरोपानं कसा वळेल? निरोपात होतं तरी काय?” पोरगी गप्प झाली. मग आत जाऊन पुस्तक घेऊन आली आणि पान शोधायला लागली.