पहिला फोन कुणाला?

पुण्यात येरवड्यातल्या एका जुन्या इमारतीत पर्यावरण-आरोग्य शिकणाऱ्या मुलामुलींचं प्रशिक्षण चाललं होतं. विषय होता रासायनिक अपघात. शिकवायला अग्निशमन दलातून निवृत्त झालेले एक अधिकारी होते. मुलं त्यांना नुसतं ‘सर’ म्हणत. दोन दिवस व्याख्यानं झाली. तिसऱ्या दिवशी सरांनी टेबलावर येरवड्याचा मोठा नकाशा पसरला आणि गुंजन चौकावर लाल पेन्सिलीनं फुली मारली.

“रात्रीचे दोन वाजलेत. क्लोरीनचे टनर, म्हणजे मोठे सिलिंडर, घेऊन निघालेला ट्रक इथे उलटलाय. 900 किलोच्या एका टनरचा व्हॉल्व्ह तुटलाय. वारा दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहतोय. अर्ध्या तासात आराखडा द्या.”

कोल्हापूरहून आलेला एक मुलगा वर्गात सगळ्यात हुशार. त्यानं लॅपटॉप उघडला आणि वीस मिनिटांत काम संपवलं. क्लोरीन हवेच्या अडीच पट जड, म्हणून तो जमिनीलगत सरपटत जाणार. हवेच्या दहा लाख भागांत 10 भाग क्लोरीन झाला की जीवावर बेतू शकतं. गळतीवर पाणी मारायचं नाही, कारण त्यातून आम्ल तयार होतं आणि भोक आणखी खातं. टनर असा फिरवायचा की द्रव बाहेर न येता फक्त वायू यावा, कारण द्रवाचा वायू झाला की तो साडेचारशे पटींच्या आसपास फुगतो. हे सगळं त्यानं अचूक मांडलं. नकाशावर गॅसच्या ढगाचा लांबट हिरवा पट्टा काढला आणि खाली लिहिलं : ‘पट्ट्यातल्या सर्वांनी वाऱ्याच्या आडव्या दिशेनं तातडीनं बाहेर पडावं.’

“रसायनशास्त्रात तुझी चूक काढता येणार नाही,” सर म्हणाले. “कुणाला काही विचारायचंय?”

मागे बसलेली एक मुलगी उठली. ती लक्ष्मीनगरातलीच. तिची आई मनोरुग्णालयात रात्रपाळी करायची. मुलीनं हिरव्या पट्ट्यात एका ठिकाणी बोट टेकवलं. “सर, हे मध्यवर्ती कारागृह. ह्यांना ‘बाहेर पडा’ कसं सांगायचं?” मग बोट डावीकडे सरकलं. “वारा थोडा फिरला, तर हे मनोरुग्णालय. रात्री वॉर्डाला कुलूप असतं. औषध घेऊन झोपलेला पेशंट हाक मारूनही उठत नाही, असं आई सांगते. आणि आमच्या गल्लीत तर अॅम्ब्युलन्सच शिरत नाही.”

वर्ग गप्प झाला. कोल्हापूरचा मुलगा म्हणाला, “गाड्या पाठवू.”

“किती?” सरांनी विचारलं. “तुरुंगात हजारो कैदी आहेत. त्यांना हलवायचं तर गाडीगणिक पोलीस हवेत. मनोरुग्णालयाच्या मंजूर खाटाच अडीच हजारांच्या घरात आहेत. आणि वारा सेकंदाला दोन मीटर धरलास, तरी ढग किलोमीटरभर जायला आठ-नऊ मिनिटं घेतो. तेवढ्यात तुझ्या ड्रायव्हरची चप्पलसुद्धा शोधून होत नाही.”

मग त्यांनी भोपाळच्या विषारी वायुगळतीची गोष्ट सांगितली. 2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या मधली रात्र. माणसं घराबाहेर पडून वाट फुटेल तिकडे धावली. कित्येक जण तर गॅसच्याच दिशेनं. धावताना धाप लागते आणि प्रत्येक श्वासागणिक विष जास्त आत जातं. तोंडावर ओलं फडकं धरा, वाऱ्याच्या दिशेनं पळू नका, एवढंसुद्धा त्यांना कुणी आधी शिकवलं नव्हतं.

“म्हणजे आतच थांबायचं?” मुलानं विचारलं.

“थांबता येतं का, ते बघू.” सरांनी वर्गाच्या खिडक्या लावायला सांगितल्या, पंखे बंद केले, दाराखालच्या फटीत ओला टॉवेल कोंबला. मग उदबत्ती पेटवून एका मुलाला व्हरांड्यात उभं केलं. काही वेळात धुराची बारीक रेघ आत आली, ती दारावरच्या झडपेतून. तिकडे कुणाचं लक्षच गेलं नव्हतं. झडपेपर्यंत हात पोचेना. स्टूल सापडायला पाच मिनिटं गेली आणि चिकटपट्टी तर इमारतीत नव्हतीच.

“आता सांगा,” सर म्हणाले, “ही तयारी रात्री दोन वाजता सुरू करायची, की आज?”

दुपारी नवा आराखडा तयार झाला. हिरवा पट्टा होता तिथेच राहिला, पण कागदाच्या माथ्यावर नवा रकाना आला : ‘ज्यांना पळता येत नाही.’ त्याखाली तुरुंग, मनोरुग्णालय, अंथरुणाला खिळलेली माणसं, अरुंद गल्ल्या. प्रत्येकापुढे पहिला फोन कुणाला, किल्ल्या कुणाकडे, तळमजल्यावरच्यांना वर कोण नेणार, झडपा आणि एक्झॉस्ट पंखे कोण बंद करणार, हवा निवळल्यावर दारं-खिडक्या उघडायला कोण सांगणार, हे लिहिलं. गळती थांबवायची कृती दुसऱ्या पानावर गेली. हा बदल कोल्हापूरच्या मुलानं स्वतः केला. वर सरांना म्हणाला, “दोन्ही कामं एकदमच सुरू होतील. पण हे पान आधी वाचलं जायला हवं.”

“का?”

“गळती थांबवायला शिकलेली माणसं धावून येतातच. कुलपाआडच्यांची आठवण मात्र कुणीतरी आधी लिहून ठेवली असेल तरच होते.”

सरांनी त्याच्या आराखड्यावर सही केली आणि त्याच्या नावाखाली लक्ष्मीनगरच्या मुलीचंही नाव लिहायला लावलं.

तात्पर्य : विष किती, हे विज्ञान मोजून सांगतं, पण बचावाचा आराखडा जो सगळ्यात वेगानं पळतो त्याच्यावरून आखू नये, ज्याला पळताच येत नाही त्याच्यापासून सुरू करावा.