मिंधा

इंदूर स्टेशनच्या पार्सल ऑफिसात मोटारसायकल लावायची तर टाकीत पेट्रोलचा थेंब राहू देत नाहीत. भाच्याने नळी लावून पेट्रोल काढलं, उरलंसुरलं गाडी आडवी करून. मग हमालाने दोन्ही अंगांना पेंढा लावला, वर गोणपाट ओढलं आणि दाभणात सुतळी ओवून चाकापासून हँडलपर्यंत गाडी शिवून टाकली. शेवटी फक्त आरसा बाहेर राहिला. तो त्याने फिरवून काढला आणि भाच्याच्या हातात दिला. ‘भिया, ये साथ में रखो. फूटेगा.’

गाडी त्याच्या वडिलांची. ते गेल्यावर ताईने ती पुसूनपासून ठेवली होती. पुढे भाचा ट्रान्सपोर्टनगरात मालाच्या बिल्ट्या लिहायच्या नोकरीला लागला तेव्हा ती त्याच्याकडे आली. आता तो अंदमानला निघाला होता. तिथल्या एका रिसॉर्टमध्ये स्टोअर सांभाळायचं काम फोनवर ठरलं होतं. समुद्र त्याने जन्मात एकदाच पाहिला होता, चार दिवस. पण इंदूरच्या माणसाला तेवढा पुरतो.

गाडी बरोबर ने, हा सल्ला माझा. आमच्या घरात एक वाक्य तीन पिढ्या चालत आलंय: काहीही करा, कोणाचे मिंधे होऊ नका. इंदुरातलं प्रत्येक मराठी घर आपण मल्हाररावांबरोबर घोड्यावर बसून माळव्यात आलो असं सांगतं. एवढे घोडे होळकरांच्या पागेत होते की नाही देव जाणे. आमचे पणजोबा मात्र खंडव्याहून मीटरगेजच्या गाडीतून आले. आणि त्या रेल्वेसाठी, १८७० च्या आसपास, दुसऱ्या तुकोजीरावांनी इंग्रजांना एक कोटी रुपये कर्जाऊ दिले होते. हे सांगताना आजीची मान ताठ व्हायची. ‘इंग्रजसुद्धा होळकरांचे मिंधे!’ असल्या घरातला मुलगा परमुलखात जातोय तर स्वतःचं वाहन हवंच. दाराशी वाहन असलं की कोणापुढे हात पसरावा लागत नाही. असं मी म्हणालो, आणि तेव्हा मला ते फार शहाणपणाचं वाटलं होतं.

अहिल्यानगरी एक्सप्रेसने तो चेन्नईला गेला आणि पुढे जहाजाने. बंक क्लास, तीन दिवस. बंकांवरची माणसं बोलकी. प्रत्येकाने दोन प्रश्न विचारले: कुठं उतरणार, आणि कोणाकडे? पहिल्याचं उत्तर त्याच्याकडे होतं. शहीद द्वीप, म्हणजे जुनं नील बेट. अठराशे सत्तावन्नात कानपूर-अलाहाबादकडे ज्याने लोकांना सरसकट फासावर लटकवलं, त्या कर्नल नीलचं नाव २०१८ पर्यंत त्या बेटाला होतं. पोर्ट ब्लेअरचंही २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं, पण बोटीवरचे लोक पोर्ट ब्लेअरच म्हणतात. दुसऱ्या प्रश्नावर तो म्हणाला, ‘कोणाकडे नाही. नोकरीवर.’ समोरच्या म्हाताऱ्याने मान हलवली. पटल्यासारखी नव्हे, वाईट वाटल्यासारखी.

बेट इवलंसं. या टोकापासून त्या टोकापर्यंत सहा-सात किलोमीटर रस्ता, म्हणजे आपलं राजवाड्यापासून विजयनगर. गावांची नावं रामायणातली: भरतपूर, लक्ष्मणपूर, रामनगर, सीतापूर. वस्ती बहुतेक बंगाल्यांची. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून उखडलेल्या घरांना सरकारने इथे जमिनी दिल्या, त्यांनी जंगल तोडून शेती केली, आणि आज पोर्ट ब्लेअरच्या बाजारात नीलची भाजी म्हटलं की गिऱ्हाईक थांबतं.

रिसॉर्टवर पोचल्यावर कळलं की राहायची सोय फक्त आचाऱ्यांना. फोनवर तसं कोणी म्हटलं नव्हतं. मग सीतापूरला एका मासीच्या घरी खोली घेतली. काम बेटाच्या दुसऱ्या टोकाला. आणि तिथला दिवस आपल्यापेक्षा तासभर आधी सुरू होतो. घड्याळ तेच, पण सूर्य खूप पूर्वेला. हिवाळ्यात संध्याकाळी पाचला अंधारायला लागतं. पहिल्या दिवशी कामावरून निघाला तेव्हा रस्त्यावर मिट्ट काळोख होता आणि घर दूर.

‘मामा, गाडी येऊ द्या. मग बघा.’ पहिले दोन महिने फोनवर हेच वाक्य.

गाडी चेन्नईच्या गोदामात जहाजाची वाट बघत पडली होती. पार्सलची पावती त्याच्याकडे, एनओसीचा कागद इंदूरच्या आरटीओकडे, आणि जहाज लागणार कधी ते समुद्राकडे. तोवर तो चालायचा. भाजीचा टेम्पो मागून यायचा, थांबायचा. ‘बैठो.’ हा आधी म्हणायचा, नको, माझी गाडी येतेय. पाऊस आला की नाइलाजाने बसायचा, पण उतरताना न चुकता वीस रुपये काढून डॅशबोर्डवर ठेवायचा. टेम्पोवाला पहिल्यांदा हसला. दुसऱ्यांदा म्हणाला, अरे राहू दे. तिसऱ्यांदा काहीच म्हणाला नाही, नोट तिथेच वाऱ्यावर फडफडत राहिली.

मासीने एकदा वाटीभर माशाचा झोल पाठवला. हा दुसऱ्या दिवशी बिस्किटांचे दोन पुडे घेऊन हजर. तिने नारळ दिला, याने साखर नेऊन दिली. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, हे इंदूरचं वेडही त्याने सोबत नेलं होतं. २०१७ पासून देशात पहिला नंबर काढणाऱ्या गावचा मुलगा तो. मासीच्या परसात हिरवी बादली, निळी बादली ठेवून आला. तिने दोन्हींत कोंबड्यांचं खाणं भरलं.

ट्रान्सपोर्टनगरात बिल्टी म्हणजे काय, तर माल पोचला, पैसे मिळाले, सही झाली, प्रकरण बंद. हा बेटावरही रोज संध्याकाळी सगळी प्रकरणं बंद करून झोपायचा. मला फोनवर अभिमानाने सांगायचा, ‘मामा, बेटावर माझ्या नावावर कोणाची एक पै नाही.’ मीही शाबास म्हणायचो.

गाडी आली. बोटीवरून उतरवताना चौघे लागले. गोणपाट सुटल्यावर त्याने पिशवीतून आरसा काढून बसवायला घेतला, पण आटे गंजले होते. आरसा बसेना. तो मासीच्या ओट्यावरच्या खिळ्याला टांगला गेला. गाडी मात्र दुसऱ्याच किकला सुरू झाली आणि त्याचं राज्य सुरू झालं. जो रस्ता चालायला दीड तास लागायचा तो आता पंधरा मिनिटांत. टेम्पोला मागे टाकून, बाजारातल्या चहावाल्याला हात करून, भुर्र. हिशेबाने बघितलं तर दिवसाला अडीच तास वाचले. त्या अडीच तासांत तो खोलीत पडून मोबाईल बघायचा.

जो मान्सून इंदूरला जूनच्या मध्यावर उगवतो तो अंदमानात वीस-बावीस मेला दाखल होतो. पाऊस आपल्या तिप्पट. पर्यटक आटले, रिसॉर्टने निम्मी माणसं कमी केली. त्यात हा.

बेटावर नोकरीची जाहिरात कुठे लागत नाही. कोणाला माणूस हवा, कोणाचा मुलगा पोर्ट ब्लेअरला गेला, कोणाच्या दुकानात हात कमी पडतोय, हे सगळं जेट्टीजवळच्या चहाच्या टपरीवर ठरतं. नाही तर टेम्पोत, नाही तर बोटीची वाट बघत बसलेल्या बाकावर. महिनाभर हा गाडीवरून दारोदार फिरला. सगळे नीट बोलले, पण काम कोणाकडे नव्हतं. चहावाला तर दचकलाच. ‘तुम इधर ही हो? हमने सोचा मेनलैंड चले गए.’

पुढच्या पंधरवड्यात समुद्र खवळला. चार दिवस बोट नाही. भाजी जेट्टीवर सडली. खाऱ्या वाऱ्याने गाडीची साखळी आधीच लाल झाली होती, ती त्याच आठवड्यात तुटली, आणि सुटा भाग पोर्ट ब्लेअरहून यायचा तर बोट हवी. त्यात त्याला ताप भरला. दुसऱ्या रात्री तो बरळायला लागला तशी मासी पावसात कोणाच्या तरी दाराशी गेली. टेम्पो आला. पोत्यांवर ताडपत्री, ताडपत्रीवर हा, उशाशी मासी. असा तो आरोग्य केंद्रात पोचला. ताई इकडे फोनवर रडत होती. मी विमानाची तिकिटं बघत होतो, पण विमान पोर्ट ब्लेअरपर्यंतच जातं, पुढे बोट. आणि बोट नव्हती. माझं सगळं शहाणपण त्या रात्री ३७ किलोमीटर पाण्याच्या अलीकडे उभं राहिलं.

आठवड्याने उभा राहिल्यावर तो पाकीट घेऊन टेम्पोवाल्याकडे गेला. डिझेलचे, वेळेचे, रात्रीचे, सगळे धरून किती? टेम्पोवाला टायर बदलत होता. त्याने वरही बघितलं नाही. ‘पैसा अंदर रखो.’ हा तिथेच उभा. मग तो खरंच चिडला. ‘देना ही है तो कल जेट्टी पे मेरे बोरे गिन देना. मेरे से बारह चढ़ते हैं, उधर ग्यारह उतरते हैं.’

दुसऱ्या दिवशी पहाटे हा पोती मोजायला गेला. मोजून झाल्यावर त्याच्या लक्षात आलं, की खोट मोजण्यात नाहीच. सगळ्यांची पोती सारखी, खताच्या जुन्या गोणी, एकावर एक रचलेली. पलीकडे उतरताना सीतापूरची वांगी रामनगरच्या नावावर जात होती. इतकी साधी गोष्ट. ट्रान्सपोर्टनगरातला नवा पोऱ्यासुद्धा पहिल्या दिवशी शिकतो, की मार्का नसलेला माल हा कोणाचाच माल नसतो. त्याने बाजारातून लाल रंगाचा डबा आणला. टेम्पोवाल्याच्या पोत्यांवर एक चांदणी काढली, शेजारच्याने मागितली म्हणून त्याच्या पोत्यांवर मासा. कार्बन घालून तीन प्रतींत बिल्टी लिहिली. एक बोटीबरोबर, एक पलीकडच्या आडत्याला, एक इथे. बारा गेली, बारा उतरली.

महिन्याभरात बेटावर एकवीस मार्के झाले. फुली, बाण, छत्री, घोडा. घोडा मासीच्या भावाचा, आणि तो कोंबडीसारखा दिसतो. आता पोत्यामागे त्याला थोडे पैसे मिळतात. कोणी पैसे देतं, कोणी केळी देतं, कोणी पुढच्या हंगामात देईन म्हणतं. रिसॉर्टच्या पगाराएवढं होत नाही, हे मी त्याला दोनदा ऐकवलं. मामा आहे मी, ऐकवणारच. तो नुसता ‘हो’ म्हणाला.

जानेवारीत मी गेलो. विमानाने पोर्ट ब्लेअर, तिथून सरकारी बोट. बाहेरच्यांचं तिकीट वेगळं आणि बेटवाल्यांचं वेगळं, हे खिडकीवर कळलं. बोटीत दोघांनी मला विचारलं, कोणाकडे? मी भाच्याचं नाव सांगितलं. त्यांना ते ठाऊक नव्हतं. बिल्ट्या लिहितो, म्हटल्यावर एकाने माझी बॅग उचलून स्वतःच्या पायाशी घेतली.

पाच वाजत आले होते. इंदूरला या वेळी ऊन असतं, इथे सूर्य पाण्याला टेकलेला. जेट्टीच्या टोकाला भाचा उभा. काळा पडलेला, बोटांना लाल रंग. तो पाया पडला.

‘गाडी कुठंय?’ मी विचारलं.

‘येईल आता.’

मी मोटारसायकलची वाट बघत होतो. आला भाजीचा रिकामा टेम्पो. हात केला नव्हता, तरी थांबला. मोटारसायकलचं विचारलं तर भाचा म्हणाला, मासीच्या पडवीत आहे. साखळी आणलीये, बसवायची राहिलीये. सीटवर कोंबड्या बसतात.

सीतापूरला पोचायला तासाच्या वर लागला. टेम्पो दर वळणाला थांबे. कोणी बिल्टी मागे, कोणी नुसतंच ‘मामा आले का’ म्हणून आत डोकावे, एका बाईने माझ्या मांडीवर भोपळा ठेवला आणि निघून गेली. कोणासाठी, ते विचारायचं मी सोडून दिलं.

मासीच्या अंगणात उतरलो. ओट्यावर मोटारसायकलचा आरसा टांगला होता, खाली दाढीचं सामान. सवयीने माझा हात खिशाकडे गेला आणि मी पाकीट उघडलं. भाच्याने काही न बोलता माझं मनगट धरून खाली केलं.

टेम्पोवाल्याने ते पाहिलं. तो क्षणभर थांबला, मग सीटखालून एक रुमाल काढून माझ्यापुढे धरला. आत चष्मा होता, त्याच्या आईचा. एक काच तडकलेली, एक काडी सुतळीने बांधलेली. बरोबर नंबराची चिठ्ठी. इंदूरला स्वस्तात होत असेल तर करून पाठवाल का, घाई नाही, कोणी येणारं असलं की त्याच्या हाती.

मी पाकीट मिटलं, वरच्या खिशातलं पेन काढून भाच्याला दिलं, आणि तिथे तो चष्मा ठेवला.